मराठीतील लुप्त राज्ये व प्रदेश यांची लोकवाचक विशेषणे : एक ऐतिहासिक अभ्यास (विशेष संदर्भ : अकलूज परिसर)

प्रस्तावना :

राज्य नष्ट होते तेव्हा त्याचे नाणे, त्याचा शिक्का आणि त्याची सरहद्द यांचा अंत ठराविक दिवशी झाला असे सांगता येते. त्या राज्यातील माणसांना उद्देशून वापरले जाणारे विशेषण मात्र अशा आज्ञेने बंद पडत नाही. ते लोकांच्या तोंडी राहते, कधी अर्थ बदलते, कधी जातीचे किंवा आडनावाचे रूप घेते, तर कधी शिवी होऊन बसते. इतिहासाच्या अभ्यासकाची खरी अडचण येथूनच सुरू होते. अठराव्या शतकातील एखाद्या पत्रात 'मोगल' चालून आले असा मजकूर आला, तर ते दिल्लीचे की हैदराबादचे हे ठरविल्याशिवाय त्या पत्राचा अर्थ लागत नाही. लेण्यातील शिलालेखात 'यवन' दाता आढळला आणि त्या शब्दाला सतराव्या शतकातील अर्थ चिकटविला, तर दीड हजार वर्षांची चूक होते.

प्रस्तुत लेखात अशा काही निवडक विशेषणांचा विचार केला आहे. सर्व प्रदेशांची यादी देणे हा त्यामागील हेतू नाही. सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात, नीरा नदीच्या दक्षिण तीरावर वसलेले अकलूज हे गाव येथे आधारासाठी घेतले आहे. निरनिराळ्या राज्यांच्या सरहद्दी या गावाच्या आसपास वेळोवेळी येऊन थांबल्या आणि पुसल्या गेल्या. त्यामुळे विशेषणांची उलथापालथ तपासण्यास हा परिसर सोयीचा आहे.

'कर' आणि 'ई' :

मराठीत स्थळावरून माणसाचे नाव करण्याच्या दोन रीती प्रमुख आहेत. गावाच्या नावाला 'कर' लागतो आणि प्रदेशाच्या नावाला 'ई' लागतो. म्हणून पुणेकर, सातारकर, पंढरपूरकर, अकलूजकर. पण वऱ्हाडी, खानदेशी, माणदेशी, कोकणी. गावाच्या नावाला 'ई' लावला की ते विशेषण बहुधा वस्तूकडे जाते. सोलापुरी म्हटले की चादर आठवते, कोल्हापुरी म्हटले की चप्पल, नागपुरी म्हटले की संत्रे. तेथील माणूस मात्र सोलापूरकर, कोल्हापूरकर आणि नागपूरकरच राहतो. 'पुणेरी' हे पगडीला आणि पाटीला चालते. माणसाला लावले तर त्यात थोडी थट्टा येते. 'गोवेकर' हा या नियमाचा ठळक अपवाद होय. गोवा हा प्रदेश असूनही मराठीने त्याला गावासारखे वागविले आहे.

याखेरीज 'स्थ' हा संस्कृत वळणाचा प्रत्यय देशस्थ व कोकणस्थ या शब्दांत दिसतो. कऱ्हाडवरून 'कऱ्हाडे' झाले, मावळावरून 'मावळा' झाला. मावळ हा सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील खोऱ्यांचा मुलूख. तेथील माणूस तो मावळा, इतकाच या शब्दाचा मूळ अर्थ. शिवकाळात या खोऱ्यांतील पायदळाने जो पराक्रम केला त्यामुळे शब्दाची भौगोलिक बाजू जवळजवळ झिजून गेली. आज विदर्भातील तरुणही स्वतःला मावळा म्हणवितो आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नाही. त्याच सैन्यातील कोकणपट्टीचे 'हेटकरी' मात्र जाणकारांच्या वर्तुळाबाहेर कोणाला माहीत नाहीत. दोघेही एकाच राज्यासाठी लढले. एकाचे विशेषण पदवी झाले, दुसऱ्याचे कोशात गेले.

प्रत्ययांचा हा नियम राज्यकर्त्यांनी केलेला नाही. म्हणूनच सरकारी फेरफारांपुढे तो टिकतो. अलीकडचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. अहमदनगरचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. बोलण्यात त्या शहराचा उल्लेख पूर्वीपासूनच 'नगर' असा होत असल्याने तेथील माणूस नामांतराच्या आधीही नगरकर होता आणि नंतरही नगरकरच राहिला.

मोगलाई :

लुप्त राज्याचे विशेषण कसे प्रवास करते याचे सर्वांत बोलके उदाहरण 'मोगलाई' हे आहे. १६८९ च्या आरंभी औरंगजेबाची छावणी अकलूज येथे होती. त्या काळी या गावच्या माणसाला 'मोगल' या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नव्हता. मोगल म्हणजे दिल्लीच्या बादशहाचे लष्कर, जे नीरेकाठी प्रत्यक्ष उतरले होते. पुढे १६९५ ते १६९९ या काळात बादशहाचा मुक्काम मंगळवेढ्याजवळ भीमेकाठी ब्रह्मपुरी येथे होता. ब्रह्मपुरीला इस्लामपुरी आणि अकलूजला असदनगर अशी नावे मोगल अंमलात मिळाली. दोन्ही नावे कागदावर राहिली. असदनगरकर असा माणूस कधी झाला नाही.

१७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून चौथाई, सरदेशमुखी व स्वराज्य यांच्या सनदा आणल्या. त्यानंतर दख्खनच्या महसुलाची जी वाटणी रूढ झाली तीत मराठ्यांचे हक्क वजा जाता बादशाही बाजूला राहणारा भाग 'मोगलाई' या नावाने ओळखला जाऊ लागला. एकाच गावात दोन अंमल चालत. म्हणजे या टप्प्यावर मोगलाई हा देश नव्हता, तो महसुलाचा वाटा होता. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर निजामुल्मुल्क दख्खनमध्ये वस्तुतः स्वतंत्र झाला. तो दिल्लीचा सुभेदार म्हणूनच वावरत राहिल्याने मराठी कागदपत्रांनी त्याचे नाव बदलण्याची तसदी घेतली नाही. पालखेड, उदगीर, खर्डा या सर्व प्रसंगांत पुण्याच्या लेखी समोरचा शत्रू 'मोगल'च होता. १७९५ साली खर्ड्याच्या मैदानात मराठ्यांसमोर उभी असलेली फौज हैदराबादच्या निजामाची होती. त्या वेळी दिल्लीचा बादशहा शाहआलम महादजी शिंद्यांच्या वारसांच्या आश्रयाने दिवस काढीत होता. एकच शब्द घेऊन दोन वेगळ्या सत्तांचा इतिहास लिहिला गेला असल्याने या काळाच्या साधनांचे वाचन सावधपणे करणे आवश्यक ठरते.

१८५७ नंतर दिल्लीची बादशाही नावालाही उरली नाही. तरीही सोलापूर जिल्ह्याच्या पूर्व सरहद्दीपलीकडे मोगलाई आणखी नव्वद वर्षे नांदत होती. बार्शीपलीकडचा परांडा, तुळजापूर, उस्मानाबाद हा निजामाचा मुलूख म्हणजे मोगलाई. अलीकडचा इंग्रजी मुलूख म्हणजे 'खालसा'. आणि मधूनमधून विखुरलेले अक्कलकोट, जत, औंध, फलटण हे 'संस्थानी'. या तीन शब्दांत त्या काळचा सारा राजकीय भूगोल सामान्य माणसाने बसविला होता. मोगलाईत हाली सिक्का चाले, खालशात कलदार. सरहद्दीवर निजामाचे करोडगिरी नाके असत. १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरपर्यंत गेली तेव्हा ती अरुंद रुळांवरून प्रवाशांना एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेऊ लागली. बाजारहाट, सोयरीक आणि वारी या तिन्ही गोष्टी सरहद्द ओलांडूनच होत असल्याने 'मोगलाईतला' हा शब्द रोजच्या व्यवहाराचा होता.

'मोगलाई' या शब्दाला अव्यवस्था, अंदाधुंदी असा दुसरा अर्थ केव्हा चिकटला हे एका तारखेने सांगण्याजोगे नाही. तो कशामुळे चिकटला हे मात्र उघड आहे. इंग्रजी मुलखातील शाळा, वर्तमानपत्रे आणि नगरपालिका यांच्या तुलनेत पलीकडचा जहागिरी कारभार लोकांना दिसत होता. मराठीतून उच्च शिक्षण तेथे मिळत नव्हते. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. राजवटीवरचा हा राग हळूहळू तेथील माणसावर सरकला. निजामी अंमलाला दिलेले दूषण त्या अंमलाखाली भरडल्या गेलेल्या मराठी शेतकऱ्याला, शिक्षकाला, विद्यार्थ्याला ऐकावे लागले. पश्चिम महाराष्ट्रातील गावांत 'मोगलाईतला' म्हणजे मागास, अडाणी असा भाव हैदराबाद मुक्त झाल्यावरही पुष्कळ वर्षे उरला होता. ज्यांनी १९४७–४८ मध्ये सरहद्दीवरच्या शिबिरांतून त्या सत्तेशी झुंज दिली, त्यांनाच त्या सत्तेच्या नावाने ओळखले जावे, हा भाषेने केलेला अन्याय म्हटला पाहिजे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत त्यातील औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे मराठी भाषिक जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. 'मराठवाडा' हे नाव निजामाच्या काळातही प्रचलित होते. मात्र ते लोकांची ओळख म्हणून खऱ्या अर्थाने या घडामोडींतून पुढे आले. मोगलाईतला माणूस मराठवाड्यातला झाला. येथे एक भाषिक चमत्कार दिसतो. 'मराठवाडी' हे विशेषण बोलीला, जेवणाला लागते. माणसाविषयी बोलताना मात्र 'मराठवाड्यातला' असाच शब्द सहज येतो. वऱ्हाडी किंवा खानदेशी यांच्याइतके ते घट्ट बसलेले नाही, कारण त्याला मुरायला वेळच कमी मिळाला आहे. १९२३ मध्ये उस्मानाबाद व औरंगाबाद ही जिल्ह्यांची नावे अद्याप कायम होती. २०२३ मध्ये ती अनुक्रमे धाराशिव व छत्रपती संभाजीनगर अशी झाली.

दरम्यान 'मोगलाई' हिंदीच्या वाटेने 'मुघलई' होऊन उपाहारगृहांच्या फलकांवर प्रतिष्ठेने परत आली आहे. शेताच्या बांधावर लावला जाणारा 'मोगली एरंड' तर अमेरिका खंडातून आलेला आहे. त्याचा कोणत्याही मोगलाशी संबंध नाही. परका, दुरून आलेला, एवढाच अर्थ त्या विशेषणात उरला. 'फिरंगी धोत्रा' हे मेक्सिकोकडच्या काटेरी झुडुपाचे नावही याच जातीचे.

नीरेचे दोन काठ :

अकलूजची स्वतःची ओळख यापेक्षा वेगळ्या रीतीने घडली. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह यांना जो मुलूख दिला त्याची उत्तर सीमा नीरा व भीमा या नद्यांनी आखली होती. अकलूज अशा रीतीने सातारा राज्याच्या काठावर आले. पलीकडचे इंदापूर कंपनीच्या अंमलात, अलीकडचे अकलूज छत्रपतींच्या अंमलात, आणि मध्ये उन्हाळ्यात पायी ओलांडता येईल असे पात्र. १८४८ मध्ये सातारा खालसा झाला. माळशिरस तालुका प्रथम सातारा जिल्ह्यात राहिला आणि १८७५ मध्ये सोलापूर जिल्ह्यास जोडला गेला. म्हणजे छप्पन्न वर्षांत या गावाने तीन वेगळी प्रशासकीय नावे पाहिली. तेथील लोक त्यांपैकी कोणत्याही नावाने स्वतःला ओळखू लागले नाहीत. सातारकर म्हणजे साताऱ्याचा माणूस आणि सोलापूरकर म्हणजे सोलापूरचा. जिल्ह्याच्या नावाने माणूस स्वतःला ओळखतो तो परगावी गेल्यावर, पत्ता सांगण्यापुरता.

मग प्रदेशाचे विशेषण कोणते? माणनदीच्या खोऱ्यावरून 'माणदेशी' हा शब्द आहे आणि माळशिरस तालुक्याचा काही भाग माणदेशात गणला जातो. माणदेश हे कधीच स्वतंत्र राज्य नव्हते. त्याचा एक तुकडा इंग्रजी सातारा जिल्ह्यात, आटपाडी औंध संस्थानात, सांगोला सोलापुरात, शेजारी जत संस्थान, अशी त्याची वाटणी झालेली होती. कोणत्याही नकाशावर नसलेल्या या प्रदेशाचे विशेषण टिकले ते दुष्काळ, मेंढरे, खिलार बैल आणि बोली यांच्या बळावर. व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'माणदेशी माणसं' या १९४९ मधील पुस्तकाने त्याला वाङ्मयीन प्रतिष्ठा दिली. परंतु त्यामुळेच माणदेशी म्हणजे कोरडवाहू असे समीकरणही पक्के झाले. भाटघर धरणाच्या पाण्यावर नीरा उजवा कालवा माळशिरस तालुक्यात आला आणि उसाने अकलूजचे रूप पालटले. बागायतदार झालेल्या गावाला कोरडवाहू विशेषण नकोसे वाटते हे समजण्यासारखे आहे. आज नीरेकाठचा शेतकरी 'आम्ही अकलूजकडचे' असे म्हणतो. तालुक्याच्या दक्षिणेकडील माळरानावरचा माणूस मात्र माणदेशी म्हणवून घेण्यात संकोच करीत नाही. एकाच तालुक्यातील ही सीमारेषा कालव्याने आखलेली आहे.

अकलूजजवळच्या माळीनगर येथील साखर कारखान्याचे नाव या दृष्टीने मुद्दाम पाहावे. १९३० च्या दशकात सासवड भागातील माळी समाजाच्या शेतकऱ्यांनी तो उभारला आणि त्याला 'सासवड माळी' हेच नाव दिले. कारखाना माळशिरस तालुक्यात, नावात मात्र पुणे जिल्ह्यातील सासवड. स्थलांतर करणारा समाज आपले विशेषण बरोबर नेतो. सोलापूर शहरातील 'तेलंगी पाच्छा पेठ' हे नावही त्याच प्रकारचे होय. तेलुगू भाषिक विणकरांच्या वस्तीमुळे सोलापूरला 'तेलंगी' हा शब्द परिचित झाला, त्या वेळी तेलंगण नावाचे राज्य अस्तित्वात नव्हते. २ जून २०१४ रोजी ते राज्य निर्माण झाले. परंतु त्याच्या नागरिकाला वृत्तपत्रे तेलंगी म्हणत नाहीत. जुने विशेषण पेठेत राहिले आणि नव्या राज्याने नवे घेतले.

रुजलेली आणि न रुजलेली नावे :

राज्यकर्त्याने दिलेले नाव केव्हा रुजते आणि केव्हा नाही याचे उत्तर सोपे नाही. खानदेशाचे उदाहरण घेता येईल. फारुकी घराण्याचे राज्य १६०१ मध्ये असीरगड पडल्यावर संपले. अकबराने शहजादा दानियाल याच्या नावावरून त्या सुभ्याला 'दानदेश' असे नाव दिले. बादशहाची आज्ञा आणि एका अक्षराचाच बदल, असे असूनही 'दानदेशी' माणूस झाला नाही. पुढे इंग्रजांनी १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग केले. त्यांचे जळगाव व धुळे झाले. १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा झाला. आज खानदेश नावाचे कोणतेही प्रशासकीय एकक नाही, पण खानदेशी माणूस आहे. त्याची बोली तर अहिराणी, म्हणजे त्याहूनही जुन्या आभीरांची आठवण सांगणारी.

याउलट देवगिरीच्या यादवांचा 'सेऊणदेश'. नाशिकपासून देवगिरीपर्यंतच्या या मुलखाला नवव्या शतकातील सेऊणचंद्राच्या नावावरून हे नाव मिळाले. होयसळांच्या कन्नड लेखांत यादवांचा उल्लेख सेऊण असाच येतो. महाराष्ट्राच्या इतिहासातील एवढ्या मोठ्या राजवटीचे हे विशेषण. पण आज एकही माणूस सेऊणी म्हणविणारा नाही. वऱ्हाडी या शब्दाने इमादशाही, निजाम, इंग्रजांकडे १८५३ मध्ये झालेले हस्तांतर आणि १९०३ मधील मध्यप्रांताशी जोडणी एवढे सगळे पचविले. सेऊण शब्दाला यादवांच्या पाडावानंतर आधार उरला नाही. तो राजकुळाशी बांधला गेला होता, शेतीशी आणि बोलीशी नव्हता, असा तर्क करता येतो.

पंढरपूरच्या विठ्ठलाला ज्ञानदेवांच्या नावावरील अभंगात 'कानडा' म्हटले आहे. हा शब्द प्रदेशवाचक घ्यावा की 'अगम्य' या अर्थाचा घ्यावा यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. भीमाकाठचा हा भाग मराठी व कन्नड यांच्या सांध्यावर आहे हे लक्षात घेतले म्हणजे प्रदेशवाचक अर्थ टाळण्याची धडपड अनावश्यक वाटते.

शत्रूची नावे :

दूरच्या लोकांची नावे मराठीत बहुधा कोणाच्या तरी मध्यस्थीने आली. 'यवन' हा शब्द आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील आयोनिया या ग्रीक प्रदेशाच्या नावापासून इराणी भाषांमार्गे आला. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट येथील यवनांनी दिलेल्या स्तंभांचे लेख आहेत. हे दाते बौद्ध धर्माचे उपासक होते. पुढे मध्ययुगीन मराठी वाङ्मयात हाच शब्द मुसलमानांना उद्देशून वापरला गेला. शब्द एक, माणसे वेगळी. परंतु 'यवन' म्हटले की शत्रू असा अर्थ मनात ठरवून कार्ल्याचे लेख वाचणारे वाचक आजही भेटतात.

नाशिकच्या लेणे क्रमांक ३ मध्ये गौतमी बलश्रीचा, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षातील लेख आहे. त्यात गौतमीपुत्र सातकर्णीला असिक, अश्मक, मूलक, सुराष्ट्र, कुकुर, अपरांत, अनूप, विदर्भ आणि आकरावंती यांचा राजा म्हटले असून शक, यवन व पह्लव यांचा संहारक म्हणून गौरविले आहे. या देशांपैकी विदर्भ तेवढा आजच्या महाराष्ट्रात जिवंत विशेषणासह उरला. अश्मक आणि मूलक अभ्यासक्रमात राहिले. संहार झालेल्या शकांचे नाव मात्र मराठी माणूस रोज पंचांगात वाचतो. इ.स. ७८ पासून मोजल्या जाणाऱ्या कालगणनेला 'शालिवाहन शक' म्हणतात. विजेत्याचे आणि पराभूताचे नाव एका समासात बांधले गेले. पुढे 'शक' हा कालगणनेचा सामान्य शब्द इतका झाला की १६७४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरू केलेली गणनाही 'राज्याभिषेक शक' याच नावाने ओळखली गेली.

'रूमी' या शब्दाची कथाही अशीच लांबची आहे. रोमन साम्राज्याचा पूर्वेकडील भाग अरबांच्या व इराण्यांच्या लेखी 'रूम' होता. तो मुलूख तुर्कांनी जिंकल्यावर तुर्कच रूमी झाले. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगर येथे ज्याने ओतली त्या कारागिराचे नाव मुहंमद बिन हसन रूमी. ही तोफ काही काळ परांड्याच्या किल्ल्यात होती. रोमचे नाव अशा रीतीने सोलापूरच्या सरहद्दीपर्यंत एका तोफेवरून आले.

पानिपतच्या संदर्भातील मराठी लेखनात अहमदशहा अब्दालीच्या सैन्याला 'गिलचे' म्हटलेले आढळते. गिलजाई ही अफगाणांची दुसरी टोळी आणि अब्दालीच्या टोळीची प्रतिस्पर्धी. १७४७ मध्ये सत्तेवर आलेल्या अहमदशहाला हे नाव लावलेले रुचले नसते. मराठ्यांना त्या भेदाशी कर्तव्य नव्हते. पण हाच न्याय मराठ्यांनाही लागू झाला. १७४२ पासून बंगालवर ज्या स्वाऱ्या झाल्या त्यांतील मराठे तेथे 'बर्गी' म्हणून ओळखले गेले. सरकारी घोड्यावर चाकरी करणारा तो बारगीर. त्याच्या हुद्द्याचे नाव बंगालने साऱ्या लोकांना दिले. उत्तरेत ग्वाल्हेर-इंदूरकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना 'दक्षिणी' म्हणत, आणि मराठी माणूस स्वतः मात्र 'दक्षिणी' किंवा 'मद्रासी' हा शब्द त्याहून खालच्या प्रांतांतील लोकांना लावतो. मद्रास राज्याचे नाव १९६९ मध्ये तमिळनाडू झाले, शहराचे १९९६ मध्ये चेन्नई. 'मद्रासी' अद्याप निवृत्त झालेला नाही.

समुद्रमार्गे आलेल्या लोकांची नावे पोर्तुगीजांच्या तोंडून मराठीत उतरली. इंग्रज, वलंदेज हे त्याच वळणाचे शब्द. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात या टोपीकरांबरोबर 'डिंगमार' येतात, ते डेन्मार्कचे लोक. डेन्मार्कने आपले तरंगमबाडीचे ठाणे १८४५ मध्ये इंग्रज कंपनीला विकले आणि डिंगमार हा शब्द मराठीतून नाहीसा झाला. वसई प्रांताला 'फिरंगाण' म्हणत. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यावर तो शब्दही मागे पडला. जंजिऱ्याच्या सिद्दीचा मुलूख तो 'हबसाण', म्हणजे हबशांचा, आफ्रिकेतील ॲबिसिनियाहून आलेल्यांचा. १९४८ मध्ये जंजिरा संस्थान विलीन झाले. कोकणच्या किनाऱ्यावर दोन परक्या लोकांच्या नावांनी दोन देश नांदले, हे आज रायगड व पालघर जिल्ह्यांतील विद्यार्थ्याला सांगावे लागते. इराणच्या बाबतीत मात्र मराठीने तिन्ही शब्द जपले आहेत : भाषा ती फारसी, पूर्वी आलेले ते पारशी आणि अलीकडे येऊन चहाची हॉटेले काढणारे ते इराणी. मूळ देश एकच.

अकलूजचा घोडेबाजार :

अकलूजला दरवर्षी भरणाऱ्या घोडेबाजारात या साऱ्या इतिहासाचा एक प्रत्यक्ष नमुना पाहावयास मिळतो. तेथे येणाऱ्या जनावरांच्या जाती मारवाडी, काठेवाडी, सिंधी अशा नावांनी सांगितल्या जातात. मारवाड म्हणजे जोधपूरचे राज्य. ते १९४९ मध्ये राजस्थानात विलीन झाले. काठेवाडातील संस्थानांचे १९४८ मध्ये सौराष्ट्र झाले, ते १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये गुजरातेत गेले. सिंध १९४७ मध्ये सरहद्दीपलीकडे राहिला. सिंधी माणसाला भारतात स्वतःचा प्रांत नाही, त्याच्या भाषेला मात्र १९६७ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. 'मारवाडी' हा शब्द माणसाला लावला की या भागात तो सावकारीशी जोडला जातो. नीरेपलीकडच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी मारवाडी व गुजर सावकारांची कर्जखते जाळली, त्या उठावाच्या आठवणीचा त्यात वाटा आहे. हाच शब्द घोड्याला लावला की किंमत वाढते.

ज्या भीमथडीची तट्टे एके काळी मराठी फौजांत नावाजलेली होती ती भीमथडी मात्र या बाजारात ऐकू येत नाही. तालुक्याचे नाव गेले, ते तट्टू पैदा करण्याचे काम मात्र चालू राहिले.